प्री-बुकिंग करूनही फोन नाही. ‘कॉम्बो’ घेतला तर मात्र लगेच आहे. काय करावं?

भांडुपची_रीलवाली · शनिवार, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. दुकानाचं आणि कंपनीचं नाव लिहीत नाही, नाहीतर मॉडरेटर धागा उडवतील आणि मला उत्तरं हवी आहेत. दादर पश्चिमेला एका मोठ्या साखळीचं दुकान आहे, एवढं पुरे. फोन कुठला ते ज्यांना कळायचं त्यांना कळेलच, सध्या प्रत्येक स्टेशनवर त्याच्याच जाहिराती आहेत.

माझा धंदा लग्नात रील्स काढून देण्याचा. फोटोग्राफर वेगळा, व्हिडिओवाला वेगळा; मी आणि माझी मैत्रीण फोनवर शूट करतो, तिथेच मंडपात खुर्चीवर बसून एडिट करतो आणि नवरी सासरी पोचायच्या आत रील तिच्या हातात. तुळशीचं लग्न झालं की आमचा सीझन सुरू. आत्ताच्या फोनच्या झूम लेन्समध्ये डाग दिसतो. मंगळसूत्राचा क्लोजअप घेतला की डाव्या कोपऱ्यात धुरकट ठिपका. त्यामुळे ‘एवढी काय घाई होती नव्या फोनची’ हे कृपया कुणी लिहू नका. सासूबाईंनी ते काम केलेलं आहे.

दुकानात जाऊन २,००० रुपये भरून बुकिंग केलं. २५६ जीबी, किंमत ७६,९९९. रंग कुठलाही चालेल असं मी फॉर्मवर मुद्दाम लिहून दिलं, म्हणजे नंतर ‘तुमचा रंग आला नाही’ हे ऐकायला नको. पावतीवर टोकन नंबर ३१ आणि छापलेलं वाक्य: डिलिव्हरी लाँचच्या दिवशी, सकाळी ८ पासून. कार्डावर ५,००० ची सूट, ती फक्त या रविवारपर्यंत. ही रविवारची गोष्ट लक्षात ठेवा, सगळी मेख तिथेच आहे.

काल शुक्रवारी पहाटेची स्लो लोकल पकडून गेले. शटरसमोर लोक पेपर अंथरून बसलेले. त्यात दोन जाती होत्या. एक आमच्यासारखे, हातात पावती घेऊन सारखी वेळ बघणारे. दुसरी सात-आठ पोरं, शेवटपर्यंत निवांत, सगळ्यांकडे एकसारखी घडी घातलेली चिठ्ठी. त्यातल्या एकाला सहज विचारलं, कुठला रंग घेणार? म्हणाला, “ते भाईला माहीत.”

माझ्या पुढे रुईया कॉलेजातली एक मुलगी होती. एक्स्चेंजमध्ये द्यायचा म्हणून तिने रांगेतच जुना फोन रिसेट मारला. वेळ वाचेल म्हणून! मग आत ॲपवर किमतीचा ओटीपी टाकायची वेळ आली तेव्हा फोनची स्क्रीन तिला ‘हॅलो’ म्हणत होती, सतरा भाषांत. शेवटी माझ्या फोनमध्ये तिचं सिम घालून ओटीपी घेतला. सिमची पिन कुणाकडेच नव्हती, माझ्या कानातल्याच्या तारेने ट्रे काढला. एवढं करून तिला सांगितलं, मॅडम स्टॉक संपला.

टोकन १४ ला स्टॉक संपला. साडेनऊसुद्धा वाजले नव्हते.

आता खरा मुद्दा. मी काउंटरवर वाद घालत होते तर सेल्समन हळूच म्हणाला, “मॅडम, कॉम्बोमध्ये एक पीस अरेंज होईल.” कॉम्बो म्हणजे कव्हर २,४९९, ग्लास १,४९९, चार्जर २,२९९ आणि प्रोटेक्शन प्लॅन ६,९९९. कागदावर बेरीज करूनच दिली त्याने, १३,२९६. मी विचारलं, स्टॉक संपलाय तर हा पीस कुठून आला? त्याने मॅनेजरकडे बघितलं. मॅनेजर म्हणाला, “तो वेगळा स्टॉक आहे.” वेगळा म्हणजे? उत्तर नाही. तेवढ्यात त्याला फोन आला, किंवा आल्यासारखं त्याने केलं.

मग म्हटलं, माझे दोन हजार परत द्या. तर ते खात्यावर मिळणार नाहीत, त्याचं दुकानाचं व्हाउचर मिळेल. नाहीतर पुढच्या लॉटची वाट बघा. पुढचा लॉट कधी? सांगता येत नाही. आणि पाच हजारांची सूट रविवारी संपणार.

बाहेर फुटपाथवर आले तर त्या चिठ्ठीवाल्या पोरांपैकी एक उभाच. सीलबंद २५६, नऊ हजार ऑन, म्हणजे किमतीच्या वर नऊ हजार जास्त, बिल नाही. माझा जीएसटी नंबर आहे, बिल धंद्याच्या नावाने हवं. ७६,९९९ मध्ये १८ टक्क्यांनी कर येतो पावणेबारा हजारांच्या आसपास, त्याचं क्रेडिट, म्हणजे मी भरायच्या करातून वजावट, बिनबिलाच्या फोनवर कुठून घेऊ? म्हणजे तो नऊ हजार ऑनचा फोन मला वीस हजारांच्या वर महाग पडणार.

टंचाईबद्दल माझी काही तक्रार नाही. नवा फोन आहे, कमी आला, होतं असं. ‘नाही’ म्हणाले असते तर घरी जाऊन झोपले असते. पण आहे, फक्त मला नाही, हे डोक्यात गेलंय. तेव्हा जाणकारांनी सांगा: स्टॉक खरंच नसतो की दाबून ठेवतात? कॉम्बोची अशी सक्ती करता येते का? आणि माझे दोन हजार व्हाउचर न घेता कसे सोडवू?

---

काउंटरच्या_पलीकडे · रविवार, सकाळी ८.१५

ताई, मोबाइलच्या काउंटरवर बरीच वर्षं काढली आहेत. आधी कंपनीचा प्रमोटर, म्हणजे दुकानात उभं राहून कंपनीचे फोन खपवणारा, मग दुकानाच्या पगारावर. आता लाइन सोडली म्हणून मोकळेपणाने लिहितो.

दोन्ही खरं आहे. स्टॉक कमी येतो हेही खरं आणि असलेला दाबतात हेही खरं.

लाँचचा माल येतो तो आधीच वाटलेला असतो. काही कंपनीच्या स्वतःच्या साइटला, काही ऑनलाइनवाल्यांना, उरलेला दुकानांना. दुकानांमध्येही सारखा वाटत नाहीत, मागच्या मॉडेलची विक्री बघून ॲलोकेशन ठरतं. बुकिंग मात्र सगळी दुकानं मिळेल तेवढं घेतात, कारण वरून सांगणं असतं की बुकिंगचा आकडा दाखवा. जास्त बुकिंग दाखवलं तर जास्त माल मिळेल या आशेवर सगळेच फुगवतात आणि मग कुणालाच पुरत नाही. तुमचं टोकन ३१ घेताना त्यांना आपला आकडा माहीत नव्हता असं मी म्हणेन. पण आदल्या रात्री माल उतरला तेव्हा नक्की माहीत होता. प्रत्येक बॉक्सचा आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, स्कॅन होऊन सिस्टमला चढतो. रात्रीच १५ नंबरच्या पुढच्यांना मेसेज टाकता आला असता. टाकत नाहीत, कारण रांग दिसायला हवी असते. रांगेचे फोटो वर पाठवावे लागतात, मी स्वतः काढून पाठवलेत.

‘वेगळा स्टॉक’ म्हणजे काय ते सांगतो. वेगळं काही नसतं. त्याच पेटीतले चार-सहा पीस मॅनेजर बाजूला ठेवतो, त्यांना नाव नसतं. फोनवर दुकानाच्या हाताला लागणारं मार्जिन अगदी बारीक. कव्हर, ग्लास आणि प्लॅन यांत खरा पैसा. प्रत्येक स्टाफला टार्गेट असतं, दहा फोन विकले तर त्यातल्या इतक्यांवर ॲक्सेसरी लागलीच पाहिजे आणि इतक्यांवर प्लॅन. त्याला ‘ॲटॅच’ म्हणतात. महिनाअखेरच्या मीटिंगमध्ये फोन किती विकले हे कुणी विचारत नाही, ॲटॅच किती ते विचारतात. ज्या आठवड्यात गिऱ्हाईक फोनसाठी जीव टाकतंय त्या आठवड्यात ॲटॅच काढून घेतात, पुढचे दोन महिने सावकाश बसतात.

छोट्या दुकानदाराची गोष्ट आणखी निराळी. त्याला डिस्ट्रिब्युटर सांगतो, हा चालता माल पाच पीस हवा तर न चालणारा तो दुसरा मॉडेल वीस पीस उचल. म्हणजे कॉम्बो त्याच्यावरही लागलेला असतो, तो पुढे तुमच्यावर ढकलतो. बाजू घेत नाही, फक्त सांगतो.

आणि त्या पोरांचं. ती रोजावर आणलेली असतात. एकाच माणसाने दहा नावांनी बुकिंग केलेलं असतं, दहा आधार, दहा नंबर. हे थांबवायला काही कंपन्या सांगतात की सील काउंटरवर फोडून फोन तिथेच चालू करून द्या. चालू झालेल्या फोनला ऑन मिळत नाही. पण ते मॅनेजरच्या इच्छेवर. तुम्हाला बाहेर सीलबंद फोन दिसला ना, मग समजा आत काय चाललं होतं.

एक काम करा. दुकानात जाऊन ओरडू नका, त्याने काही होत नाही. काउंटरवरच्या पोराला तर अजिबात बोलू नका, त्याचा पगार तुमच्या त्या कॉम्बोहून थोडासाच जास्त असेल. मॅनेजरला शांतपणे विचारा की शुक्रवारी सकाळी सिस्टमला २५६ चे किती पीस होते आणि कितींची बिलं टोकनच्या क्रमाने फाटली. विचारलंत एवढं मेलवर लिहा. हा प्रश्न ज्याला माहीत आहे ते गिऱ्हाईक वेगळं, हे त्यांना लगेच कळतं.

---

घाटकोपर_पूर्व · रविवार, सकाळी ९.०२

रांगा लावता कशाला पण? बीकेसीतलं ॲपलचं दुकान १८ एप्रिल २०२३ ला उघडलं, तेव्हापासून दर सप्टेंबरात तिथे हेच. २०२५ च्या सप्टेंबरात आयफोन १७ च्या रांगेत धक्काबुक्की झाली, सिक्युरिटीने लोकांना ओढून बाहेर काढलं, सगळ्या चॅनेलवर दाखवलं. एका फोनसाठी! घरबसल्या ऑनलाइन मागवा, मिळाला तर मिळाला.

---

भांडुपची_रीलवाली · रविवार, सकाळी ९.३०

@घाटकोपर_पूर्व ऑनलाइन पण बघितलं होतं. बारा वाजता विक्री सुरू, बारा वाजून काही सेकंदांनी ‘मला कळवा’चं बटण. ते अजून कळवतायत.

@काउंटरच्या_पलीकडे दादा, धन्यवाद. सेल्समनशी मी नीटच बोलले हो, तो बिचारा विशीतला पोरगा, त्याचीच कानशिलं लाल झाली होती. रांगेचे फोटो वर पाठवतात हे वाचून मात्र परत संताप झाला. माझाही फोटो गेला असेल मग, अंघोळ न करता आलेली मी.

---

काउंटरच्या_पलीकडे · रविवार, सकाळी ९.४८

@घाटकोपर_पूर्व ऑनलाइनची कथा काही वेगळी नाही. शाओमीने जुलै २०१४ मध्ये ‘मी ३’ (Mi 3) हा फोन फ्लिपकार्टवरच आणला, तेव्हापासून आपल्याकडे फ्लॅश सेलची, म्हणजे ठरल्या वेळी मोजका माल काढून काही सेकंदांत संपवायची, रीत पडली. त्याच वर्षी वनप्लसचा पहिला फोन ॲमेझॉनवर आला तो तर निमंत्रण असेल तरच मिळायचा. दुकानदार तेव्हापासून बोंबलतायत की चालता माल आम्हाला द्या. दिल्लीच्या व्यापाऱ्यांच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने २०२० मध्ये चौकशी लावली. २०२४ मध्ये त्या तपासाचे अहवाल बातम्यांत आले. ऑनलाइन कंपन्या आणि काही मोबाइल कंपन्या मिळून फक्त एकाच साइटवर लाँच करतात आणि ते स्पर्धेच्या कायद्याविरुद्ध आहे, असा त्यात ठपका होता. तो तपासाचा अहवाल, निकाल नव्हे, हेही लिहून ठेवतो.

---

पार्लेकर_काकू · रविवार, दुपारी १.२०

अगं, जेवणं उरकून निवांत लिहायला बसले. मी ग्राहक चळवळीत बरीच वर्षं आहे, वकील नाही. आमच्या पार्ल्यातच मुंबई ग्राहक पंचायतीचं कार्यालय आहे, कूपर हॉस्पिटलच्या मागे. पंचायत १९७५ पासूनची. प्रकरण चिघळलं तर तिथे जाऊन सल्ला घे.

आधी कडू ते सांगते. तुला फोन मिळालाच पाहिजे, असा कायदा नाही. माल कमी असणं हा गुन्हा नाही. त्यामुळे ‘माझा फोन द्या’ या मागणीवर फार जोर लावू नकोस. जोर लाव तो कॉम्बोवर आणि पैशांवर.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, जुलै २०२० पासून लागू. त्यात ‘प्रतिबंधात्मक व्यापारी प्रथा’ची व्याख्या आहे, कलम २ मधलं ४१ वं पोटकलम. एक वस्तू हवी असेल तर अट म्हणून दुसरी वस्तू किंवा सेवा घ्यायला लावणं हे त्यात सरळ येतं. तुझा कॉम्बो म्हणजे हेच. आणि हे का करतात ते बघ. बॉक्सवर एमआरपी छापलेली असते, तिच्यावर एक रुपया जास्त घेतला तर वैध मापन शास्त्रवाले, म्हणजे वजनमापं आणि छापील किंमत तपासणारं सरकारी खातं, दंड लावतात. म्हणून फुटपाथवरचा मुलगा जो ऑन उघड मागतो, तोच दुकान कव्हर आणि प्लॅनच्या नावाने बिल फाडून घेतं. बिलावर सगळं स्वच्छ.

यावर दुकान एकच म्हणेल, ‘आम्ही सक्ती केलीच नाही, फक्त सुचवलं.’ म्हणून विचारते, त्या बेरजेच्या कागदाचं काय केलंस? फेकला नसशील तर जपून ठेव. तुझी बुकिंगची पावती, ती जाहिरात आणि तो कागद, तिन्ही एकत्र असतील तर बाकी फार सांगावं लागत नाही.

जाहिरातीचंही बघ. जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. गिऱ्हाईक ओढायला आमिष दाखवणाऱ्या जाहिरातींवर त्यात वेगळा भाग आहे. मागणीपेक्षा माल कमी पडणार असेल तर ‘साठा मर्यादित’ हे जाहिरातीत स्पष्ट असायला हवं. मात्र बहुतेक जण खाली मुंगीएवढ्या अक्षरात ‘स्टॉक असेपर्यंत’ छापून मोकळे होतात. तुझ्या पावतीच्या मागची बाजू चष्मा लावून वाच. तिथे काही नसेल आणि पुढे ‘लाँचच्या दिवशी डिलिव्हरी’ असेल तर तुझी बाजू भक्कम.

आता एक गोष्ट कुणी सांगणार नाही ती सांगते. तू बिल धंद्याच्या नावाने घेणार म्हणालीस. प्रकरण ग्राहक आयोगापर्यंत गेलं तर समोरचा पहिलं वाक्य हेच बोलेल की या बाई ग्राहकच नाहीत, व्यापारी कारणासाठी घेत होत्या. घाबरू नकोस. स्वतः राबून पोट भरण्यासाठी वस्तू घेतली असेल तर ती ‘व्यापारी कारणा’त धरत नाहीत, तसं त्याच कायद्यात स्पष्टीकरण आहे. पण तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात हे लिही की शूटिंग मी स्वतः करते, हाच माझा चरितार्थ. मागाहून लिहिलेलं पळवाटेसारखं दिसतं.

करायचं काय, तर आज रात्री दुकानाच्या तक्रार विभागाला मेल. दोन हजार ज्या मार्गाने दिले त्याच मार्गाने परत हवेत, व्हाउचर मान्य नाही, सात दिवसांत उत्तर द्या. सूट रविवारी संपली ती तुमच्यामुळे, तेव्हा पुढच्या लॉटला तीच किंमत द्या, हेही माग. मिळेलच असं नाही, मागायला काय जातं. उद्या १९१५ ला फोन कर, ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीत बोलता येतं. मोठ्या साखळ्या तिच्याशी जोडलेल्या असतात, तक्रार सरळ त्यांच्या मुख्य कार्यालयात जाते आणि दादरच्या मॅनेजरला वरून फोन येतो. बहुतेक वेळा तेवढ्यावरच भागतं.

नाहीच भागलं तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागत नाही, दोन वर्षांत कधीही जाता येतं, आणि तू राहतेस तिथल्या आयोगात दाखल करता येतं. १ जानेवारी २०२५ पासून ‘ई-जागृती’ पोर्टल आहे, तक्रार घरून भरता येते. पण दोन हजारांसाठी तारखा घ्यायच्या का ते तुझं तू ठरव. मी घेतल्या असत्या. यजमान म्हणतात म्हणूनच आपल्याकडे कुणी दुकानदार घरी चहाला येत नाही.

---

निवृत्त_गिरगावकर · रविवार, सायंकाळी ५.५५

मुली, वाचून हसू आलं, राग मानू नकोस. आम्ही बजाजच्या स्कूटरला नंबर लावला तेव्हा माझं लग्न ठरायचं होतं आणि डिलिव्हरीचं पत्र आलं तेव्हा थोरला बालवाडीत होता. ‘ऑन’ तेव्हाही होता. शोरूममधून बाहेर काढलेली स्कूटर त्याच संध्याकाळी जास्त किमतीला विकली जायची, जुनी स्कूटर नवीपेक्षा महाग. टेलिफोनचंही तेच, १९८६ मध्ये एमटीएनएल आलं तरी चाळीत एका फोनवर अख्खा मजला. तेव्हा निदान कुणी कव्हर घ्या म्हणत नव्हतं, एवढं मात्र कबूल करतो.

माझा सल्ला: दिवाळी जाऊ दे. हाच फोन विनारांगेचा मिळेल, वर मिठाईचा डबा.

---

घाटकोपर_पूर्व · रविवार, सायंकाळी ६.१०

आजोबा, तेव्हा कारखान्याला किती स्कूटर काढायच्या त्याचं लायसन्स सरकार द्यायचं. आता कोण अडवतंय? महिन्याभराने हेच फोन गल्लोगल्ली पडलेले असतात. पहिल्या आठवड्यात कमी पाठवायचे हे ठरवून होतं, असं माझं मत.

---

काउंटरच्या_पलीकडे · रविवार, सायंकाळी ६.४०

सगळंच ठरवून नसतं. नव्या मॉडेलच्या सुरुवातीला कारखान्यातूनच माल हळू निघतो, एखादा कॅमेरा किंवा डिस्प्ले कमी पडला तरी सगळं अडतं. पण कमी आहे हे आठ दिवस आधी सांगता येतं. ते न सांगणं, हे मात्र ठरवून.

---

भांडुपची_रीलवाली · गुरुवार, रात्री १०.२५

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, मधे एक साखरपुडा होता.

काकू, तो बेरजेचा कागद सेल्समनने परत ओढून घेतला होता. पण फोटो आहे! समोर काही आलं की माझा हात आपोआप कॅमेऱ्यावर जातो, धंद्याची सवय. फोटोत कागद, मागे त्यांच्या दुकानाचा बोर्ड आणि कोपऱ्यात तो धुरकट ठिपका, म्हणजे माझ्याच फोनने काढल्याचा पुरावा. पावतीच्या मागे बारीक अक्षरात ‘बुकिंग रक्कम परत मिळणार नाही’ असं होतं, पण साठ्याबद्दल अवाक्षर नाही.

रविवारी रात्री मेल टाकला, दादांनी सांगितलेला सिस्टम स्टॉकचा प्रश्न पहिल्याच ओळीत. सोमवारी १९१५ वर तक्रार नोंदवली, नंबर मिळाला. बाई छान मराठीत बोलल्या, कॉम्बो शब्द ऐकल्याबरोबर म्हणाल्या, कव्हर आणि प्लॅनच ना?

काल दुकानातून फोन आला. मॅनेजरचा आवाज ओळखू येईना इतका गोड. दोन हजार यूपीआयने परत आले. सिस्टममध्ये किती पीस होते त्याचं उत्तर दिलं नाही. पुढच्या लॉटमध्ये तुमचं नाव पहिलं लावतो, कॉम्बो नाही, पण पाच हजारांची सूट बँकेची होती, ती आमच्या हातात नाही, म्हणाला. त्यावर मी अजून भांडतेय. काकू, ते लेखी द्या म्हटलं तर ‘मॅडम, विश्वास ठेवा’ म्हणाला. आता मेलवर मेल चालू आहेत. रुईयावाल्या मुलीलाही १९१५ चा नंबर पाठवलाय, तिचा जुना फोन तिने परत सेट केला म्हणे, त्यात दहावीपासूनचे सगळे फोटो गेले.

गिरगावकर काका, दिवाळीपर्यंत थांबले असते, पण पहिलं लग्न त्याच्या आधी आहे, कोर्ट मॅरेज आणि मग माटुंग्याला जेवण. म्हणून तोपर्यंत जुनाच फोन दुरुस्त करावा म्हणते. लॅमिंग्टन रोडला झूम लेन्सची काच बदलून देणारा खात्रीचा कुणी आहे का? सर्व्हिस सेंटर अख्खा कॅमेरा बदलायला सांगतंय.

---

काउंटरच्या_पलीकडे · गुरुवार, रात्री ११.०५

इथे दुकानाचं नाव देत नाही, निरोप पाठवतो. पण जायच्या आधी घरीच बघा, डाग बाहेरच्या काचेला आहे की आत. अंधारात दुसऱ्या फोनची टॉर्च लेन्सवर तिरकी मारा आणि फोन हळूहळू कलता करा. ठिपका वरच्या वर दिसला आणि चष्म्याच्या फडक्याने पुसताना नखाला लागला तर काच आहे, ती बदलते, अर्ध्या तासाचं काम. पुसून काहीच फरक नाही आणि खोल दिसतोय तर आत ओल गेली आहे किंवा सेन्सरला लागलंय, मग सर्व्हिस सेंटर बरोबर सांगतंय, बाहेर पैसे घालवू नका. काच बदलून घेतलीत तर समोर बसून घ्या आणि तिन्ही झूमला फोटो काढून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. त्यानंतर त्या फोनची पाण्याची खात्री राहत नाही, तेव्हा हळदीच्या शूटला मैत्रिणीचा फोन पुढे करा.